‘गेमबॉईज’ : घराबाहेर न पडता जुळलेलं प्रेम आणि ते टिपण्याची रीत

सोलापुरात कुणी मोबाइलवर लघुपट करायला घेतला आणि गोष्ट दोन मुलांच्या प्रेमाची असली, की संहिता पहिल्याच पानावर अडते. ही दोघं भेटणार कुठे? मग कंबर तलाव येतो, भुईकोट किल्ल्याची बाग येते, विजापूर रोडवरून दुचाकी जाते आणि मागे बासरी वाजते. प्रत्यक्षात घर दोन खोल्यांचं असतं, माणसं सहा असतात आणि मुलाला स्वतःची म्हणून जी काही जागा मिळते ती मोबाइलच्या काचेमागे. ‘गेमबॉईज’ ही फिलिपिनो वेबमालिका त्या काचेमागेच सुरू होते आणि बहुतेक वेळ तिथेच राहते. कमी पैशांत, छोट्या लांबीत, दोन चेहऱ्यांवर प्रेमकथा उभी करायची असेल तर आज पाहण्यासारखं इतकं उपयोगी दुसरं काम आमच्या नजरेत नाही. तिच्यात दोषही आहेत, आणि काही दोष आपल्याकडे आणल्यावर जास्त बोचतील.

मालिका २२ मे २०२० रोजी यूट्यूबवर सुरू झाली. मार्चच्या मध्यापासून मनिला टाळेबंदीत होतं, चित्रीकरणं थांबली होती. आयडियाफर्स्ट कंपनीच्या पर्सी इंतालान आणि जुन रोब्लेस लाना यांची निर्मिती, ॲश मलानुम यांचं लेखन, आयव्हन अँड्र्यू पायावाल यांचं दिग्दर्शन. कलाकार आपापल्या घरी आणि दिग्दर्शन लांबून, व्हिडिओ कॉलवर. पहिल्या हंगामाचे १३ भाग आहेत. त्या वर्षी थायलंडच्या अशा प्रेममालिकांनी फिलिपिन्समधला तरुण प्रेक्षक वेडा केला होता. त्यामागोमाग तिथे स्थानिक मालिका निघाल्या, त्यांतली ही अगदी सुरुवातीची. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी या टीव्ही पुरस्कारांच्या छोट्या मालिकांच्या गटात तिला नामांकन मिळालं. हे यश अचानक आलेलं नाही. फिलिपिन्समध्ये सिनेमालाया महोत्सव २००५ पासून नव्या दिग्दर्शकांना लहान अनुदान देऊन डिजिटल चित्रपट करून घेतो. पहिल्या वर्षी ती रक्कम प्रत्येकी ५ लाख पेसो होती. थोडक्यात भागवायची सवय तिथल्या मंडळींच्या हाताला आधीपासून होती.

गोष्ट साधी आहे. कैरो ऑनलाइन गेम खेळतो, त्याचं थेट प्रक्षेपण करतो, त्याला बघणारे चाहते आहेत. एके दिवशी तो सगळ्यांदेखत एका अनोळखी खेळाडूकडून हरतो. तो खेळाडू म्हणजे गाव्रील. कैरोला डाव परत खेळायचा आहे. गाव्रीलला कैरो आवडतो आणि ते तो आडपडदा न ठेवता सांगून टाकतो. कैरोचे वडील करोनानं रुग्णालयात आहेत. घरच्यांशी कैरोचं काहीतरी बिनसलंय, आणि वडिलांच्या आजाराला आपणच कारण आहोत हे ओझं तो उरावर घेऊन बसलाय. ते का, हे मालिका बऱ्याच उशिरा सांगते, म्हणून इथेही सांगत नाही.

एलायजा कानलासचा कैरो आणि कोकोय दे सांतोसचा गाव्रील ही या मालिकेची खरी कमाई. कानलासला फिलिपिन्समधल्या समीक्षकांचा ‘गावाद उरियान’ हा पुरस्कार दुसऱ्या एका चित्रपटासाठी मिळालेला आहे. इथे त्याच्याकडे अवघ्या छातीपासून डोक्यापर्यंतची चौकट आहे. चाहत्यांसमोरचा कैरो आणि प्रक्षेपण बंद केल्यानंतरचा कैरो यांत तो जो फरक दाखवतो तो खांद्यांत आहे. कॅमेरा चालू असताना खांदे वर, आवाज अर्धा सूर चढा. बंद झाला की मान आत जाते आणि उत्तरं एका शब्दावर येतात. दे सांतोस याच्या उलट करतो. गाव्रील सतत हलतो, फोन हातात घेऊन फिरतो, लोळतो, चेहरा काचेच्या अगदी जवळ आणतो. एक जण स्थिर आणि एक जण अस्थिर ठेवल्यामुळे दोन चौकटी शेजारी असूनही डोळ्याला कंटाळा येत नाही. दोघांनाही खुर्चीत बसवलं असतं तर तिसऱ्या भागापर्यंत ही ऑनलाइन मीटिंग झाली असती.

आपल्याकडे पडद्यावर मोबाइल दाखवायचा म्हणजे निरोप आला, नायकानं वाचला, तो हसला, एवढंच होतं. इथे पडदा हीच खोली आहे. कॉल उचलायला लागलेला वेळ, ‘ऑनलाइन’ दिसूनही न आलेलं उत्तर, मध्येच बंद केलेला कॅमेरा, या सगळ्याचं वजन संवादाइतकं आहे. माणूस दार लावून घेतो तसा कैरो कॅमेरा बंद करतो. गाव्रील काळ्या चौकटीकडे बघत बोलत राहतो आणि प्रेक्षकही त्याच्यासोबत त्या काळ्या चौकटीकडे बघत बसतो. दुरावा दाखवायला यापेक्षा स्वस्त आणि नेमकी युक्ती नाही.

आता दोष. पहिल्या काही भागांत गाव्रीलचं मागे लागणं जास्त होतं. कैरो टाळतोय हे उघड दिसत असताना तो पुनःपुन्हा येतो आणि मालिका त्याला लाडिक गोडवा समजते. नायिकेचा पाठलाग म्हणजे प्रेम, हे आपण मराठी-हिंदी पडद्यावर पुष्कळ भोगलंय. तोच प्रकार दोन मुलांमध्ये आला म्हणून निरागस ठरत नाही. पुढे गाव्रील थांबायला आणि विचारायला शिकतो, हे मान्य. पण ज्याला नकार द्यायचीही चोरी आहे, कारण भांडणाचा आवाज बाहेरच्या खोलीत जाईल, अशा मुलाच्या जागी बसून ते भाग बघा. दुसरा दोष मधल्या भागांतला. गाव्रीलचा जुना जोडीदार टेरन्स कारस्थान करायला येतो तेव्हा मालिका टीव्हीवरच्या रोजच्या मालिकेसारखी होते. काईल वेलिनोनं काम चोख केलंय, पण पात्र एकाच रंगाचं लिहिलंय. याउलट गाव्रीलची मैत्रीण पर्ल, म्हणजे आद्रियाना सो, थोड्याच वेळात येऊन दृश्य जिवंत करते. ही मुलगी नुसता सल्ला द्यायला नेमलेली नाही, तिला तिचं म्हणणं आहे.

तिसरी गोष्ट दोष म्हणून नाही, फरक म्हणून सांगतो. कैरोला स्वतःची खोली आहे, टेबल आहे, संगणक आहे, टिकणारं इंटरनेट आहे. घरचे रुग्णालयात अडकल्यामुळे तो बराच वेळ एकटाही असतो. लक्ष्मी-विष्णू चाळीतल्या किंवा पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड अशा घरातल्या मुलाला हे मिळत नाही. त्याचा कॉल गच्चीवर, जिन्यात, नाहीतर अंगावर चादर ओढून चालतो. म्हणून ही मालिका पाहून इथे काही करणाऱ्यांनी पहिला बदल तोच करावा. दार अर्धं उघडं ठेवा. मागून आई जाऊ द्या, धाकटी बहीण चार्जर मागायला येऊ द्या, एका कानात इअरफोन आणि दुसरा कान घराकडे. दोघांपैकी एक जण जुळे सोलापुरात शिकायला राहणाऱ्या मुलांच्या खोलीवर असेल तर तिथले तिघे सोबती हीच अडचण. कुणी आत आलं की मुलगा एका क्षणात ‘हां सर, पाठवतो’ म्हणत सूर बदलतो. हा बदललेला सूर म्हणजे त्या दृश्याचा कणा. आणि मुलं जशी बोलतात तशीच बोलू द्या. घरात तेलुगू किंवा कन्नड, मित्रांत ‘काय बे’, ऑफिसच्या फोनवर हिंदी. फिलिपिनो मुलंही टागालोग आणि इंग्रजी अशीच मिसळून बोलतात आणि मालिकेनं ते सरळ करायचा प्रयत्न केलेला नाही.

असं दृश्य इथे घ्यायचं तर काय लागतं ते नीट मांडतो, कारण बहुतेकांचं चुकतं ते सुरुवातीच्या एकाच निर्णयात. कॉलचंच रेकॉर्डिंग अंतिम चित्र म्हणून वापरलं जातं. नेट दमलं की चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात आणि एकदा झालेले तुकडे संकलनात जुळत नाहीत. प्रत्येक कलाकाराकडे दोन मोबाइल हवेत. एकावर मागच्या कॅमेऱ्यानं रेकॉर्डिंग, दुसऱ्यावर नुसता कॉल, समोरचा माणूस दिसण्यासाठी. चित्र अटकणं, आवाज तुटणं हे गोष्टीला हवं असेल तर नंतर पाहिजे तिथे, पाहिजे तितकं घालता येतं. मूळ चित्र स्वच्छ असावं लागतं.

कॉलचा मोबाइल रेकॉर्डिंगच्या भिंगाच्या लगेच खाली, वरची कड भिंगाला जवळजवळ टेकलेली. चेहऱ्यापासून अंतर ६० ते ७० सेंटिमीटर. कॉलचा मोबाइल बाजूला ठेवला तर नजर कडेला जाते आणि दोघं एकमेकांशी बोलतायत असं वाटत नाही. उलट कलाकाराला थेट भिंगात बघायला लावलं तर तो बातम्या देतोय असं दिसतं. खऱ्या कॉलवर माणूस किंचित खाली बघतो आणि एखाद्याच वाक्याला वर. ती एक वर गेलेली नजर कुठल्या वाक्यावर ठेवायची हे दिग्दर्शकानं आधी ठरवावं. मालिकेत अशा नजरा मोजक्या आहेत, म्हणून त्या लागतात.

फ्रेमचा वेग सेकंदाला २५ आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल सहसा आपण होऊन ३० फ्रेमवर जातो, मग जुनी ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी दिवा चित्रात लुकलुकतो, भिंतीवर काळे पट्टे सरकत राहतात. फिलिपिन्समध्ये वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडच्या किंवा अमेरिकेच्या शिकवणीतले आकडे जसेच्या तसे घेतले तर इथे हमखास फसतं. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात २५ मिळत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप आहे. त्यात फ्रेम, शटर, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता), फोकस आणि पांढऱ्या रंगाचा तोल, पाचही गोष्टी पक्क्या करून टाकाव्यात. नाहीतर कलाकार पुढे झुकला की मागची भिंत उजळते, मागे गेला की अंधारते.

मूळ कॅमेऱ्यानंच घेतलेलं चित्र बहुधा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत असतं. लांब टेकमध्ये त्यामुळे ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडतात आणि दोष माइकला दिला जातो. संकलनाला बसण्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमवर बदलून घेतलं की प्रश्न मिटतो. जागेचा हिशेबही आधी करा. १०८० पीला मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात, म्हणजे तासाभराच्या टेकना एका बाजूचे ८ जीबीच्या आसपास, दोन्ही बाजूंचे १६.

आवाजात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कॉल स्पीकरवर ठेवणं. समोरच्याचा आवाज आपल्या माइकमध्ये छापला जातो आणि मग दोन वाक्यांमधली जागा कमी-जास्त करता येत नाही. ती कमी करावीच लागते. कॉलवर आवाज पोचायला वेळ लागतो, कलाकार एकमेकांसाठी थांबतात आणि दृश्य सैल पडतं. प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि स्वच्छ असेल तर संकलनात ते अंतर हवं तितकं आवळता येतं, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर चढवता येतं. म्हणून कॉल इअरफोनवर, तोही एकाच कानात. शर्टाच्या कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक थेट रेकॉर्डिंगच्या मोबाइलला जोडा. दोन्ही घरांतल्या फायली जुळवायला कॉलवर टाळी वाजवून उपयोग नाही, कारण दोन्हीकडे टाळी वेगवेगळ्या क्षणी ऐकू येते. त्या संवादावरून जुळवाव्या लागतात.

पंखा बंद, फ्रिज बंद. पाणी सोडायच्या दिवशी चित्रीकरण ठेवूच नका. गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम लागतात आणि तो गुरगुराट भिंतीतून येतो. पूर्व भागात यंत्रमागाची खटखट टाळता येत नाही, मग ती गोष्टीत घ्या. एका पात्राच्या घरात माग आहे म्हणजे आहे. फक्त प्रत्येक ठिकाणी कुणी न बोलता ३० सेकंदांचा नुसता खोलीचा आवाज वेगळा घेऊन ठेवा, तो संकलनात दोन तुकड्यांच्या जोडांखाली अंथरावा लागतो. घुमणाऱ्या खोलीत मोबाइलच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड सोलापुरी चादरी टांगल्या की फरक लगेच कानाला कळतो. एकेरी पातळ चादरीनं काम होत नाही, दुहेरी घडी हवी.

एप्रिल-मेमध्ये दुपारी शूट करू नये. पारा चाळीसच्या वर, पंखा बंद, मोबाइल चार्जिंगला लावलेला आणि पडद्याचा उजेड पूर्ण, अशा वेळी मोबाइल तापून मधेच रेकॉर्डिंग थांबवतो, आणि नेमका चांगला टेक अर्धा जातो. कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, चार्जर दोन टेकच्या मधल्या वेळात लावा, सकाळी सात ते दहा गाठा. त्या वेळी खिडकीचा उजेडही मऊ असतो. कलाकार खिडकीकडे तोंड करून, खिडकी मोबाइलच्या मागे. रात्रीचं दृश्य असेल तर चेहऱ्यावर पडद्याचा निळसर उजेड हवा असतो. कॉलच्या मोबाइलचा उजेड त्याला पुरत नाही. जवळ एक टॅब किंवा लॅपटॉप कोऱ्या पांढऱ्या पानावर उघडा ठेवला की पुरतो.

पडद्यावर दिसणारे निरोपांचे (चॅटचे) फुगे खऱ्या ॲपचे पडदे टिपून वापरू नका. खरे नंबर, खरी नावं, बँकेचे निरोप वरून घसरत येतात आणि ते कुणाच्या लक्षात येण्याआधी यूट्यूबवर चढलेले असतात. फुगे दाविंची रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतात, दोन्ही फुकट आहेत. १०८० उंचीच्या चित्रात अक्षर किमान ५४ पिक्सेल ठेवलं तर साडेसहा इंची मोबाइल आडवा धरल्यावर ते साडेतीन मिलिमीटरच्या आसपास दिसतं. त्याखाली गेलात तर वाचणारा थकतो. वाचायला सेकंदाला सुमारे १५ अक्षरं धरा, म्हणजे ४५ अक्षरांच्या निरोपाला पूर्ण तीन सेकंद. या कामाला चित्रीकरणापेक्षा जास्त वेळ जातो. दहा मिनिटांच्या लघुपटाचं वेळापत्रक करताना हे धरलेलं नसतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात फुगे घाईनं होतात आणि सगळं स्वस्त दिसतं. ‘गेमबॉईज’ स्वस्तात केलेली असून स्वस्त दिसत नाही याचं मोठं कारण हेच. पडद्यावरची प्रत्येक खिडकी, प्रत्येक निरोप मुद्दाम रचलेला आहे.

कलाकारांबद्दल एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. दोघंही १८ वर्षांवरचे असावेत, आणि लघुपट कुठे चढणार, मुखचित्र (थंबनेल) कुठलं असणार, नाव खरं जाणार की बदलून, हे चित्रीकरणाआधी कागदावर लिहून घ्यावं. शहर लहान आहे. मुखचित्रावर दोघांचा जवळचा फोटो टाकला की लघुपट न पाहताच तो फोटो नातेवाइकांच्या गटांत फिरतो. अशा वेळी दोन रिकाम्या चौकटींचं मुखचित्र चालतं. प्रतिक्रिया काही दिवस बंद ठेवल्या तर लघुपटाचं काही बिघडत नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन प्रौढांचं संमतीनं असलेलं असं नातं गुन्हा राहिलेलं नाही, पण घरातली भीती निकालानं जात नाही. फिलिपिन्समध्ये तर असं नातं गुन्हा नाहीच, तरी भेदभावाविरुद्धचं विधेयक पहिल्यांदा २००० मध्ये मांडलं गेलं आणि वर्षानुवर्षं तसंच रखडलं. मालिकेतली भीतीसुद्धा पोलिसांची नाही, जेवणाच्या टेबलावरची आहे. म्हणून ती आपल्याला परकी वाटत नाही.

बघण्याविषयी. भाग आयडियाफर्स्टच्या यूट्यूब वाहिनीवर आहेत, इंग्रजी उपशीर्षकांसह. मराठीची वाट बघू नका. इंग्रजी सोपं आहे, पण अडचण वेगळी आहे. पडद्यावर निरोप चालू, त्याच वेळी कुणी बोलतंय आणि खाली उपशीर्षक, अशी दोन ठिकाणी वाचायची वेळ वारंवार येते. थांबवून वाचायला लाज वाटू देऊ नका, विशेषतः पहिल्या दोन भागांत, जिथे चाहत्यांच्या प्रतिक्रियाही वर सरकत असतात. ४८० पीवर निरोपांची अक्षरं विरघळतात, म्हणून किमान ७२० पी ठेवा. त्याला तासाला एक ते दीड जीबी डेटा जातो, रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जमध्ये तेवढ्यानंच दिवस संपतो. मोबाइल आडवा आणि इअरफोन लावून बघा, कारण या मालिकेत आवाजाची जवळीक अर्धं काम करते. कानाजवळ कुजबुजणारा गाव्रील टीव्हीच्या स्पीकरवर उगाच मोठा वाटतो.

आठ-दहा जणांनी मिळून बघायची असेल तर ब्लूटूथ स्पीकर टाळा. त्याचा आवाज चित्रामागे रेंगाळतो आणि चेहऱ्यांवरच चाललेल्या मालिकेत ते लगेच खुपतं. साधी ऑडिओ केबल वापरा. प्रोजेक्टरवर दिवसा बघू नका, निरोपांचा फिका करडा रंग पांढऱ्या भिंतीत मिसळून जातो. येणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत हे आधीच सांगून ठेवा आणि पाळा. यूट्यूबच्या अटी वैयक्तिक पाहण्यापुरत्या आहेत. सभागृह घेऊन जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर निर्मात्यांना लिहून परवानगी मागावी लागते.

डिसेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर ‘लेव्हल-अप एडिशन’ आली. ती वाढवलेली, नव्यानं बांधलेली आवृत्ती आहे. २०२१ मध्ये चित्रपट आला, २०२२ मध्ये दुसरा हंगाम. पर्लवर वेगळी मालिकाही २०२० मध्येच निघाली. शिकण्यासाठी बघणाऱ्यानं यूट्यूबवरचा पहिला हंगामच आधी बघावा, कारण बंधनं त्यातच सगळ्यात कडक होती आणि कुठली युक्ती कुठल्या अडचणीतून आली हे त्यातच उघड दिसतं. टाळेबंदी सैल झाल्यावर कॅमेरा खोलीबाहेर पडला, दोघं एकाच चौकटीत येऊ लागली. ते बघायला गोड आहे, पण तशा प्रेमकथा दुसरीकडेही मिळतात. वेळ थोडा असेल तर पहिले चार भाग आणि मग दहाव्यापासून शेवटपर्यंत. मधलं कारस्थान सुटलं तरी धागा तुटत नाही.